बावीस घागरी

जळगाव, ८ एप्रिल २०२५

प्रेमराज,

'चिरंजीव' लिहायला घेतलं आणि थांबले. बावीस अक्षय्य तृतीयांना, आपल्या आखाज्यांना, ज्याच्या नावाने पितरांची घागर भरली, त्याला चिरंजीव म्हणणं हा माझ्या दर्जाचा विनोद नाही. 'कै.' तर मी एकदा लिहून बसलेच आहे. म्हणून नुसतं प्रेमराज.

पत्ता सेंधव्याचा आहे आणि एकवीस वर्षांपूर्वीचा. पोस्टमन हसेल. हसू दे, लोकांना हसवण्यावरच माझं पोट आहे.

लिहायचं कारण असं. काल आमची जुनी गाडी बघायला सावद्याचं एक गिऱ्हाईक आलं होतं. आई गेल्यापासून, म्हणजे नऊ मार्चपासून, गाडी दारात उभीच होती. (हो, आई गेली. ही कंसात सांगायची गोष्ट नाही, पण मला दुसरीकडे कुठे जागा सापडली नाही.) गिऱ्हाईक शेजारच्या सीटवर, मी स्टिअरिंगवर. चावी फिरवली. इंजिनाच्या आधी टेप सुरू झाला आणि तुझ्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "अक्का."

बस. पुढे शांतता. गिऱ्हाईकाने माझ्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं. "ताई, गाडी तुम्हाला ओळखते वाटतं," म्हणाला, आणि चहाही न घेता गेला.

बटण दाबल्यावर सीडी बाहेर आली. तिच्यावर निळ्या मार्करने, तुझ्या त्या उजवीकडे कलंडणाऱ्या अक्षरात, तुमच्या बँडचं नाव: 'बठ्ठा बंद. पहिला अल्बम. आखाजी २००४.' आईच्या कपाटात हरिपाठाच्या सीडीचं एक रिकामं कव्हर सापडलं. आतल्या चिठ्ठीवर हा पत्ता होता.

२००४. तेव्हा तुला जाऊन, म्हणजे आमच्या हिशेबाने मरून, एक वर्ष झालं होतं.

मिळालं तर दोन ओळी लिही. 'नाही' एवढं लिहिलंस तरी चालेल.

हेमांगी

---

जळगाव, १२ एप्रिल

प्रेमराज,

ऐकला. एक गाणं सोडून अख्खा. चार दिवसांत सात वेळा.

घरात सीडी वाजवायचं दुसरं काही उरलेलं नाही, त्यामुळे मी दुपारी गाडीत बसते. त्रेचाळीस डिग्री, काचा वर, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. समोरची कामिनी काल दारावर आली. "हेमाताई, तब्येत बरी आहे ना? गाडीत एकट्याच मान हलवत होतात. आमच्या ह्यांना वाटलं झटका आला." म्हटलं, झटकाच आहे, बावीस वर्षं उशिरा आला.

आता कबूल करते. तुमच्या बँडवर मी जे सदर लिहिलं होतं, 'कढईत खिळे तळल्याचा आवाज' वगैरे, ते तुमचं एकही गाणं न ऐकता लिहिलं होतं. धुळ्याच्या त्या गॅदरिंगला मी आलेच नव्हते. न वाचता परीक्षण करण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे, मी ती कानापर्यंत वाढवली.

आवाज खिळ्यांचाच आहे. पण तळत नाहीयेत रे, ठोकताय. पहिलंच गाणं कालव्याचं. गिटार जिनिंगमधल्या बिघडलेल्या मशीनसारखी घरघरते, मागून ड्रम, आणि त्यावर तू गात नाहीस, भांडतोस. ग्रामसभेत माईक हिसकावून घेतलेल्या माणसासारखा, एका दमात, अहिराणीत:

पाणी उनं नही, बिल उनं!
बिलना मांगे पोलीस उना!

पाणी आलं नाही, बिल आलं, मागोमाग पोलीस; आणि मग तालुका ज्यांच्या मुठीत होता त्या सायेबांचं नाव. सरळ, आडनावासकट, कालव्याच्या मोरीच्या नंबरासकट. कालवा कुठे फोडला, पाणी कोणाच्या बागेत वळवलं. मी तीस वर्षं उपहास लिहितेय आणि एकाही सदरात खरं आडनाव घातलेलं नाही. 'एक थोर सहकारमहर्षी' असं लिहायचं आणि वाचकांनी डोळा मारायचा. तू तेवीस वर्षांचा होतास.

बावन्नाव्या वर्षी माणसाला गुडघेदुखी लागते. मला हे लागलं.

ते सदर मी गमतीत लिहिलं होतं, एवढं तरी मानशील.

शेवटचं गाणं अजून नीट ऐकलेलं नाही. तेच, जिथून गाडीने मला हाक मारली.

हेमांगी

---

जळगाव, १७ एप्रिल

प्रेमराज,

ऐकलं.

गिटार नाही, ड्रम नाहीत. निखारे. निखाऱ्यावर तूप पडल्याची चर्र, आणि मग तू एकेकाला जेवायला बोलावतोस. नाना आखाजीला पितरांना आगारी द्यायचे ना, नाव घेऊन, घास निखाऱ्यावर टाकून? अगदी तसंच. आधी आजा. चर्र. आजी. चर्र. इथपर्यंत ठीक, दोघं खरोखर गेलेली.

मग, "नाना, उनात का?" चर्र.

"जीवराम काका, उनात का?" चर्र.

"माय, उनी का?" चर्र.

२००४ साली आईवडील, काका, तिघंही शिंदखेड्यात धडधाकट होती रे. नाना रोज शाळेत जात होते, काका गल्लीभर भांडत होते, आई पापड लाटत होती. आम्ही तुला मेलेला धरून जेवू घातलं, म्हणून तू आम्हाला घातलंस. फिटंफाट. मला राग आला नाही. भीती वाटली. नाना २०११ ला गेले. काका २०१७. आई यंदा. याच क्रमाने.

आणि आईनंतर, "अक्का."

यानंतर चर्र नाही. चाळीस सेकंद काही नाही, मग सीडी थांबते.

मी स्वतःची समजूत घातली. हा वयाचा क्रम आहे, कुठल्याही विमा एजंटाला जमेल. तरी परवा जिना उतरताना कठडा धरला.

दुसरी गोष्ट जास्त त्रास देते. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. रोज दुपारी म्हणायची, "हेमा, गाडीनी चावी दे. जरा गार हवेत बसते." मी त्यावर सदर लिहिलं होतं, 'आमच्या मातोश्रींचा वातानुकूलित वृद्धाश्रम'. लोकांनी फार दाद दिली. ती तुला ऐकत होती. स्वतःच्या नावापर्यंत यायची, चर्र ऐकायची आणि बंद करायची. म्हणूनच त्या दिवशी टेप नेमका माझ्या नावापासून सुरू झाला. ती जिथे थांबली तिथून.

म्हणजे आईला माहीत होतं. आता आठवतं, नाना दर आखाजीला तुझी घागर मांडायला सांगायचे, आई मांडायची, वर सांजोरी, डांगराची फोड, सगळं रीतीने. पण त्या घागरीत पाणी ती स्वतःच घालायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. एकदा माझा धक्का लागला होता. घागर पोकळ वाजली. मला वाटलं, म्हातारी विसरली.

शिंदखेड्याहून काकांच्या नीलेशचा फोन होता. नाना नाहीत, आई नाही, यंदा घागरी भरण्याचा मान माझा. आईची पहिली, आणि तुझी तेविसावी. "आक्का, यंदा तरी व्यवस्थित भरजो," म्हणाला.

आता हे मला ठरवायचं आहे. घागर भरली तर मी तुला पुन्हा मारलं. नाही भरली तर का नाही, ते चारचौघांत सांगावं लागेल.

तू आहेस का? तेवढंच कळव.

अक्का

---

जळगाव, २३ एप्रिल

प्रेमराज,

'गमतीत लिहिलं' असं मी बारा तारखेला म्हटलं होतं. ते दुरुस्त करते.

२००३ च्या एप्रिलात संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेपर सायेबांचा, नानांची शाळा सायेबांची. संपादक म्हणाले, "पोरांना अटक करून उगाच मोठं करण्यापेक्षा लोक हसतील असं काहीतरी लिहा. तुमचाच भाऊ आहे, तुम्हाला शोभेल." सदर तेव्हा महिन्यातून एकदा यायचं. ते दर आठवड्याला होईल, असं ते म्हणाले नाहीत. मीच ऐकलं.

मृत्यूवार्ता करायची कल्पना माझी. 'बठ्ठा बंद या बँडचे गायक कै. प्रेमराज यांचे अल्पशा गोंगाटाने निधन. आप्तेष्टांनी येत्या आखाजीला घागर भरावी, ही विनंती.' काळी चौकट माझी. तुझा कॉलेजचा फोटो घरच्या अल्बममधून मीच नेला होता.

शिंदखेड्यात सदर कोण वाचतं? लोकांनी फोटो पाहिला, चौकट पाहिली. तू सकाळी पेपर वाचून निघून गेला होतास आणि दुपारी ओट्यावर माणसं येऊन बसली. कोणी म्हणे तापीत उडी घेतली, कोणी म्हणे रेल्वेखाली. नाना बाहेर आले. त्यांनी एकदा म्हणायचं होतं, 'अहो, थट्टा आहे ती.' आदल्याच दिवशी त्यांना सायेबांच्या बंगल्यावर बोलावून तुझ्या गाण्याचा जाब विचारला होता. नानांनी हात जोडले आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी सायेब स्वतः भेटायला आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात. त्यांच्याकडे पाण्याला कधीच तोटा नव्हता. त्यानंतर तुला जिवंत करणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

मी स्वतःला सांगत आले की मेलेल्या माणसाला कोणी शोधत नाही, म्हणजे मी तुला वाचवलं. हे मला सहा महिन्यांनी सुचलं.

एक विचित्र गोष्ट. शेवटच्या गाण्यातली शांतता कमी होतेय. मी मोबाईलवर मोजते. चाळीस, मग तेहतीस, परवा चोवीस, आज पंधरा. आणि शेवटी आता कोणीतरी श्वास घेतं. गाड्यांचे टेप दुरुस्त करणाऱ्या ज्ञानेश्वरला बोलावलं. त्याने डोकं आत घालून बघितलं. "ताई, लेन्सवर धूळ होती. रोज वाजवताय म्हणून साफ होतेय. आवाज आधीपासून आहेच, मशीनला आता दिसायला लागलाय."

मला बरं वाटलं. मग जाता जाता म्हणाला, "एक कळेना. मी तीन वेळा पहिल्या गाण्यावर लावून गाडी बंद केली. चावी फिरवली की हे दरवेळी 'अक्का'पासूनच कसं सुरू होतं?"

अक्का

---

जळगाव, २७ एप्रिल

प्रेमराज,

पहिलं पत्र परत आलं. 'या पत्त्यावर कोणी नाही.' बाकीची चार-सहा दिवसांत येतील. हे मी टाकणार नाही. तरी लिहितेय, कारण न पोचणाऱ्या पत्रात माणूस खरं लिहितो, असा शोध मला लागलाय.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला होता. एसटीडीचा, खरखरणारा. तू एवढंच म्हणालास, "अक्का." आणि गप्प राहिलास. मी काही बोलेन म्हणून वाट बघत राहिलास. समोर संपादक बसले होते. मी फोन ठेवला.

किती वेळ धरून होते ते मोजलं नव्हतं. आता माहीत आहे. चाळीस सेकंद.

त्याच रविवारी घरी आले तर आईने चुलीपाशी हळूच विचारलं, "हाई खरं शे का?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" मला माहीत होतं, प्रेमराज. आईने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी भजनी मंडळाबरोबर दोन दिवस देवाला जाते म्हणून गेली. कुठल्या देवाला, ते आज कळलं. शांतता संपली. तुझ्या 'अक्का'नंतर पळीतलं तूप निखाऱ्यावर पडणार, एवढ्यात आईचा आवाज येतो. अगदी जवळून, माझ्या शेजारच्या सीटवरून यावा तसा:

"तिनी घागर नको भरू, पेरम्या. जित्ती शे ती. येई."

ती तिथे होती. स्वतःच्या नावाची चर्र तिने शेजारी बसून ऐकली आणि माझ्या वेळेला तुझा हात धरला. इथे तुझी घागर कोरडी ठेवायची, तिथे माझी भरू द्यायची नाही. दोन लेकरं, दोन रिकाम्या घागरी, आणि बाई पापड लाटत होती.

मी आज सदर पाठवलं. 'खुलासा' या मथळ्याखाली. सगळं लिहिलं, चौकट, फोटो, फोन. सायेब वारले, आता त्यांचे चिरंजीव बघतात. ते अडवतील म्हणून मी तयारीत होते.

अक्का

---

जळगाव, ३० एप्रिल, आखाजी, संध्याकाळ

प्रेमराज,

कोणी अडवलं नाही. काल जसंच्या तसं छापून आलं. सकाळपासून फोन. "मॅडम, काय जमलंय! भावाला जिवंत केलंत!" धाकट्या सायेबांनी अंगठा पाठवला. खोटं लिहिलं तेव्हा लोक ओट्यावर रडायला आले, खरं लिहिलं तर पोट धरून हसतायत. माझ्या धंद्याची ही एवढी कमाई.

म्हणून आज गाडी घेऊन एकटी शिंदखेड्याला गेले. तोंडानेच सांगायला.

नीलेशने अंगणात सगळं मांडून ठेवलं होतं. आईची घागर मी भरली. आगारी टाकली, "माय, उनी का?" म्हणाले, तूप चर्रकन पेटलं. मग नीलेश तांब्या घेऊन तुझ्या घागरीपाशी आला. मी घागरीच्या तोंडावर हात ठेवला.

"आक्का, हात काढ. भाऊनी घागर शे ती."

"तो मेलेला नाही. मी छापलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

कोणी हसलं नाही. अंगणात दहा-बारा माणसं, सगळी माझ्या हाताकडे बघत होती. नीलेश म्हणाला, "बावीस वर्षं? आन् नाना?" मी सांगितलं, सगळं. शेवटी प्रमिलाकाकू बोलल्या. जीवराम काकांमागे त्याच घरातल्या मोठ्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना नुसता प्रश्न पडला होता.

"मंग बावीस वरीस आम्ही जेवाडं कोनले?"

बावीस वर्षं जेवू घातलं ते कोणाला? काकू पुढे म्हणाल्या, नानांच्या घासाला कावळा तास-तास शिवत नाही, हातापाया पडावं लागतं. तुझा घास कौलावर ठेवायचा अवकाश, पहिल्या वर्षापासून, कोणीतरी उचलायचं. त्यांनी कावळा कधी बघितला नव्हता. घास मात्र नसायचा.

मी म्हटलं, मांजर असेल. माझं वाक्य मलाच सदरातलं वाटलं.

जेवणं झाली. यंदा तुझा घास ठेवला नाही. निघताना मी तुझी घागर मागून घेतली, दुसऱ्या कोणी भरू नये म्हणून. उचलली तर जड. हात आत घातला, बोटं भिजली.

नीलेशने आईची शपथ घेतली, तांब्या त्याच्या हातात तसाच भरलेला होता. काकूंनी मान हलवली. मी घागर कडुनिंबाच्या बुडाशी पालथी केली, पदराने आतून कोरडी पुसली आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवली.

चावी फिरवली. तू म्हणालास, "अक्का."

या वेळी मी फोन ठेवला नाही. "बोल," म्हणाले. चाळीस सेकंद थांबले. आईचा आवाज आला नाही, नुसती शांतता, पहिल्या दिवसासारखी. लेन्सवर पुन्हा धूळ बसली असेल.

धुळ्यापासून रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला मागून घागर पोकळ वाजायची. मला त्या आवाजाचा आधार वाटत होता, सांगते तुला. रिकामी आहे, म्हणजे तू आहेस. पारोळ्यापर्यंत ती वाजत होती. पारोळ्यानंतर वाजली नाही. रस्ता तोच, खड्डे तेच.

मी मागे वळून बघितलेलं नाही. घरी येऊन दोन तास झाले. गाडी दारात आहे, घागर गाडीत आहे, मी ओट्यावर बसून हे लिहितेय. कामिनी समोरून दोनदा बघून गेली.

एक ठरवलंय, ते लिहून ठेवते. एकदा मी न ऐकता, न विचारता बातमी छापली. आता घागरीच्या सांगण्यावरून छापणार नाही, कावळ्याच्या नाही, पोस्टमनच्याही नाही. असशील तर ये. नसशील तर तेही तूच येऊन सांग, मी ऐकेन, पूर्ण ऐकेन, मध्ये बोलणार नाही. तोवर घागर दरवर्षी ओतेन आणि पुसेन.

आता उठते. गाडीचं मागचं दार उघडायचं आहे.

अक्का